कोरा रोल, एक्केचाळीस नोंदी

फिल्मचा रोल ३६ फोटोंचा असतो. माझ्या वहीत मात्र ४१ नोंदी आहेत. तिथंच मला कळायला हवं होतं. पण त्या दिवशी मी खूश होते. कंपनीनं पाच फोटो वरकड दिले असं समजून जत्रेत होम मैदानावर एक बटाटेवडा जास्तीचा खाल्ला.

कॅमेरा मामाचा. मामा गेल्यावर मामीनं कपाट आवरलं, तेव्हा तो एका टर्किश टॉवेलात गुंडाळलेला निघाला. सोलापुरात जपून ठेवायची कुठलीही वस्तू टॉवेलात नाहीतर चादरीतच जाते. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. टॉवेल कुठल्या प्रतीचा ते मला हात लावताच कळलं. कॅमेरा कुठल्या प्रतीचा ते कळायला सहा महिने लागले. पेंटॅक्स के-१०००. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ एवढी वर्षं बनत होता आणि त्यात जवळजवळ काहीच बदललं नाही, असं नंतर वाचलं. बॅटरी आहे ती फक्त आतल्या उजेड मोजणाऱ्या सुईपुरती. ती संपली तरी शटर पडतंच. चालू-बंदचं बटणही नाही. लेन्सला टोपण घातलं की झाला बंद.

फोन असताना हे कशाला, हा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारून झाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही धड नाही. फोनमध्ये अकरा हजार फोटो आहेत आणि मुलाचा बालवाडीतला पहिला दिवस शोधायला बसले तर तो सापडत नाही, एवढंच सांगता येईल.

शिकवलं काकांनी. पूर्व भागात त्यांचा स्टुडिओ होता. आता त्या गाळ्यात त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो आणि मागच्या डार्करूममध्ये कव्हरांची खोकी आहेत. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, असे आमच्याकडचे असतात तसे काका. मी कॅमेरा पुढं ठेवला तर त्यांनी आधी कॅमेरा नाही, टॉवेल उलटापालटा करून बघितला. मग म्हणाले, "वही आणलीस का?"

"कसली वही?"

"मग काय करलालीस कॅमेरा घेऊन? जा, वही आण."

वहीत रकाने आखायचे होते. नंबर, शटर (किती वेळ उघडलं), ॲपर्चर (लेन्सचं भोक केवढं) आणि शेवटचा सगळ्यांत रुंद रकाना: काय दिसलं. पहिले तीन शिकण्यासाठी, म्हणजे फोटो काळा आला की पांढरा, ते कशामुळं हे नंतर समजावं म्हणून. चौथा का, ते मला कळेना. काकांनी कारण सांगितलं ते फार व्यवहारी होतं. लग्नसराईत स्टुडिओत दिवसाला इतकी माणसं यायची की नावं लक्षात राहायची नाहीत, आणि नावं सारखीच असायची. मग पाकिटावर लिहायचं: हिरवा शालू, चष्मा, डावा दात पुढं. कडेवरचं पोर रडतंय. "गिऱ्हाईक ओळखू येईल एवढंच लिहायचं. छान, भारी, सुंदर असलं लिहिलंस तर कुणाचं पाकीट कुणाला देशील?"

लिहिण्याबद्दल एवढं कामाचं मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. निबंधाला मला नेहमी चांगले मार्क पडायचे, ते सगळे 'सुंदर'चेच होते.

पहिला रोल गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत काढायचा, हा हट्ट माझा. काका म्हणत होते, आधी घरातल्या बादल्या काढ, बादली हलत नाही. पण सोलापूरकराला जानेवारीत दुसरं काही सुचत नाही. भोगीच्या दिवशी सकाळी उत्तर कसब्यात हिरेहब्बू वाड्यापाशी जाऊन उभी राहिले. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पुढं-मागं पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि मधूनच कुणीतरी "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हटलं की गल्लीच्या गल्ली उत्तर देते. लहानपणापासून दरवर्षी बघितलेलं. पण हातात मोजके ३६ असले की बघणं बदलतं. एक रोल आठ-नऊशे रुपयांचा. म्हणजे एकदा बोट दाबलं की पंचवीस रुपये गेले, ते खाणं धरलं तर एक वडापाव. मी नंदीध्वजाकडे कमी आणि कडेच्या माणसांकडे जास्त बघायला लागले, कारण नंदीध्वजाचे फोटो उद्या पेपरात येणारच होते.

पांढऱ्याचं एक गणित काकांनी आधीच बजावलं होतं. कॅमेऱ्यातली सुई बिचारी एकच जाणते: समोर जे काही आहे ते मध्यम राखाडी असावं. अख्खी चौकट बाराबंदीनं भरली की ती म्हणते, उजेड फार आहे, कमी करा. तिचं ऐकलं तर दुधासारखे कपडे मळखाऊ येतात. म्हणून पांढऱ्या गर्दीत सुईपेक्षा एक-दीड स्टॉप जास्त उघडायचं; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. मी इमानदारीत उघडत होते आणि इमानदारीत लिहीत होते. एका हातात वही, दातात पेनाचं टोपण. शेजारच्या एका बाईंनी विचारलं, "पेपरवाल्या का ओ तुम्ही?" मी हो म्हटलं. जागा मिळाली.

वहीतल्या काही नोंदी जशाच्या तशा देते.

"६. १/२५०, ८. बघ्यांतल्या एकाची चप्पल तुटली. त्यानं ती रुमालात बांधली आणि दुसरी पायात तशीच ठेवली."

"९. १/१२५, ८. पहिल्या मजल्यावर आजी, हात जोडलेले, काखेत टीव्हीचा रिमोट. मागं खोलीत केबलवर हीच मिरवणूक चालू. टीव्हीतला नंदीध्वज अजून मागच्या वळणावरच आहे."

"१५. १/५००, ११. पोलीस, तोंडात लवंग असावी. सारखा गाल बदलतो."

"२७. १/५००, ११. संमती कट्टा. बाराबंदीतला सात-आठ वर्षांचा मुलगा, टोपीत बोरं ठेवलीत. अक्षता पडल्या तेव्हा यानं गडबडीत बोर फेकलं. पुढच्या माणसानं मागं वळून बघितलं, मुलगा वर आकाशाकडे."

अक्षता सोहळ्याला मी लांब होते. संमती वाचनानंतर "सत्यम् सत्यम् दिड्ड्यम् दिड्ड्यम्" सुरू झालं आणि सगळ्यांचे हात एकदम वर गेले. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभाराच्या लेकीशी लग्न. बाराव्या शतकातल्या त्या लग्नाला गाव दरवर्षी नव्यानं येतं. त्या हातांची एकच चौकट घेतली, २६ नंबरची. दुसरी घ्यायचा मोह आवरला. आवरला नसता तर २७ ला तो बोरवाला मुलगा दिसला नसता, हे मी नंतर कितीतरी जणांना ऐटीत सांगितलं.

दुपारी होम मैदानावर पाळणे, धूळ, भोंगे. आकडा ३६ वर आला. काका म्हणाले होते, रोल संपला की लीव्हर अडेल, जोर लावू नको. लीव्हर अडला नाही. ३७ काढला. ३८. ३९ ला जरा शंका आली, पण शंकेच्या बाजूला कुणी बोललं नाही. ४१ वर मीच थांबले, कारण अंधारायला लागलं. रोल उलटा गुंडाळताना घुंडी कशी लोण्यातून फिरावी तशी फिरली. मला वाटलं, मामानं कॅमेरा चांगला ठेवलाय.

काळी-पांढरी फिल्म धुवून देणारं सोलापुरात माझ्या माहितीत आता कुणी नाही. पुण्या-मुंबईला कुरियरनं पाठवायची, नाहीतर घरी धुवायची. काकांनी डी-७६ चं, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरचं माप एका जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहून ठेवलेलं होतं. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. क्रम चुकवायचा नाही: मेटॉल आधी, कारण सल्फाइट पाण्यात भरपूर झालं की मेटॉल विरघळायला नकार देतं. फक्त सल्फाइटची एक चिमूट सगळ्यांच्या आधी टाकायची, मेटॉल हवेनं खराब होऊ नये म्हणून. हे सगळं पन्नास अंशांच्या आसपासच्या पाण्यात, हातमोजे घालून. स्वयंपाकघरातलं एकही भांडं वापरायचं नाही, हा नियम काकांचा नव्हे, माझ्या सासूबाईंचा. त्यांनी स्वतः जाऊन प्लास्टिकचे तीन जग आणले आणि त्यावर नेलपॉलिशनं फुल्या मारल्या.

आता पाणी. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो. उजनी धरण भरलेलं असो की आटलेलं, आमचा वार ठरलेला. बाहेरच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, फिल्म वाहत्या पाण्याखाली अर्धा तास धरा. मी ते वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, एवढंच. सुदैवानं कमी पाण्याची रीतही आहे. टाकीत पाणी भरून पाच वेळा उलटसुलट करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. एका रोलच्या टाकीत तीनशे मिलिलिटर मावतं, म्हणजे एका लिटरच्या आत काम झालं. शेवटचं बुचकळणं मात्र बोअरच्या पाण्यात नाही. क्षाराचे पांढरे ठिपके वाळल्यावर निघत नाहीत. त्यासाठी इन्व्हर्टरवाल्याकडे मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब.

रात्री साडेदहाला बाथरूममध्ये बसले. फिल्म रिळावर चढवायचं काम काळ्या पिशवीत हात घालून, न बघता करायचं. बाहेर थंडी, पिशवीत तळहाताला घाम. रीळ ओलसर झालं की फिल्म अडकते. माझी दोनदा अडकली. मग डेव्हलपर. माझ्या फिल्मला वीस अंशांवर साडेसात मिनिटं, दर मिनिटाला चार वेळा टाकी उलटी, आणि खाली ठेवताना फरशीवर एक टिचकी, बुडबुडे निघावेत म्हणून. मग साधं पाणी. मग हायपो. चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरला काका हायपोच म्हणतात. त्यांच्या काळात वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असायची आणि ती काढणारा माणूस येऊन तो विकत घेऊन जायचा. दाराबाहेर मुलगा दर दोन मिनिटांनी विचारत होता, "आलो का मी?" त्याचा एक फोटो १ नंबरला होता, निघताना काढलेला.

टाकी उघडली. फिल्म ओढली. ओढतच राहिले.

स्वच्छ, पारदर्शक, खिडकीच्या काचेसारखी. टोकाला अंगठ्याएवढा काळा तुकडा आणि पुढं पाच फूट काही नाही.

पहिला संशय पाण्यावर. मग मेटॉलवर. मग मध्यरात्री, मामानं कॅमेरा बिघडल्यामुळंच टॉवेलात गुंडाळला असेल, इथपर्यंत गेले. सकाळी काकांकडे गेले तर त्यांनी फिल्म खिडकीशी धरली आणि तीन सेकंदांत निकाल दिला. "कडेला बघ." कडेला कंपनीचं नाव आणि बारीक आकडे स्पष्ट होते. १, १ए, २, २ए. "हे कारखान्यातून छापून येतं. हे उमटलंय म्हणजे डेव्हलपर बरोबर, हायपो बरोबर, तू बरोबर. फिल्म धुतलीस झकास. काढलीच नाहीस."

म्हणजे झालं असं. फिल्मचं टोक गुंडाळणाऱ्या स्पूलच्या फटीत मी नीट खोचलं नव्हतं. पहिल्याच ओढीला ते निसटलं. त्यानंतर लीव्हर नुसता फिरत होता. आकड्याची चकती लीव्हरवर चालते, फिल्मवर नाही. आत फिल्म हलतेय की नाही, तिला काय. ओळखायची खूण सोपी आहे: लीव्हर ओढताना डावीकडची घुंडी आपोआप फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर आत काहीही चाललेलं नाही. हे काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते वहीतही लिहिलं होतं. पहिल्या पानावर, 'महत्त्वाचं' असं वर लिहून, अधोरेखित करून.

"मग माझे एक्केचाळीस फोटो गेले कुठं?"

काकांनी त्या काळ्या तुकड्यावर नख ठेवलं. "हे काय. सगळे इथंच. एकावर एक." फिल्म भरताना उजेड लागून आधीच काळ्या झालेल्या त्या टोकावर आजी, रिमोट, पोलीस, बोर आणि अख्खा नंदीध्वज येऊन पडला होता.

पुढचे दोन महिने मी ही गोष्ट सांगत फिरले. डब्याच्या वेळी, बारशाला, नणंदेच्या घरी. सांगता सांगता विनोदाबद्दल दोन-तीन गोष्टी कळल्या. कोऱ्या फिल्मला कुणी हसत नाही. तिथं लोक "अरेरे" म्हणतात. हसतात ते बटाटेवड्याला. पण वडा आधी आला पाहिजे, फिल्म कोरी होती हे नंतर. एकदा उलटं सांगितलं तर सगळे शांत, आणि एका मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं म्हणजे आकडा. ४१ ला जेवढं हसू येतं त्याहून ४५ ला जास्त येतं. पन्नासला तर फारच. मी पन्नासवर पोचले होते, आणि आजीच्या काखेत रिमोटबरोबर चष्म्याचं घरही आलं होतं. शेवटी एका जेवणात मुलगाच म्हणाला, "आई, वहीत एक्केचाळीसच आहेत. आणि चष्मा नाहीये."

घरी येऊन वही उघडली. खरंच नव्हता. गंमत म्हणजे तोवर मला तो चष्मा डोळ्यांसमोर दिसायला लागला होता. त्याच्या घराचा रंगसुद्धा: तपकिरी.

दुसरा रोल मेमध्ये धुतला. त्यात फोटो होते, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. त्रास फक्त उन्हाचा. सोलापुरात मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल असं येतं आणि डेव्हलपरला हवेत वीस अंश. चोवीस अंशांना साडेसाताची सव्वापाच मिनिटं होतात. त्यापुढं वेळ पाचाच्या खाली जाते आणि फिल्मवर डाग-पट्टे यायची भीती. माठातलं पाणी पंचविसावर होतं. मग बादलीत माठाचं पाणी, त्यात पिशवीत बांधलेला बर्फ आणि त्यात बाटल्या. तिन्ही बाटल्या सारख्याच थंड लागतात, हे विसरायचं नाही. थंड डेव्हलपरनंतर एकदम गरम पाणी लागलं तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर सुरकुततो. फिल्म वाळत घातली तर शेजारच्या मागांवरून उडणारे सुताचे तंतू तिच्यावर येऊन बसले. प्रत्येक फोटोत एकेक केस. काका म्हणाले, "असू दे की. सोलापूरचा शिक्का."

ओली फिल्म दिव्यासमोर धरली तेव्हा लहानपणचा एक खेळ आठवला. मुलं कुठून कुठून सिनेमाच्या फिल्मचे तुकडे आणायची. फ्यूज बल्बमध्ये पाणी भरून, आरशानं ऊन आत पाडून तो तुकडा भिंतीवर दिसायचा, बहुतेक उलटा. नट ओळखण्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. ती फिल्म आणि ही फिल्म एकाच रुंदीची, ३५ मिलिमीटरची. मुळात लायका कॅमेरा सिनेमाचीच फिल्म वापरायला म्हणून जन्मला. पण सिनेमा सेकंदाला २४ चौकटी खातो. माझ्या ३६ चौकटी तिथं दीड सेकंद पुरल्या असत्या. दीड सेकंदात त्या मुलाचं बोर हवेतच राहिलं असतं.

पुढच्या गड्ड्याला पुन्हा गेले. घुंडी फिरत होती, लीव्हर ३७ ला अडला, रोल नीट आला. त्यातले चार-पाच फोटो खरोखर बरे आहेत आणि एक काकांनी मुलाच्या दुकानात कव्हरांच्या वर लावलाय. पण वहीत त्या दिवशीच्या चौथ्या रकान्यात "नंदीध्वज", "गर्दी", "तीच गर्दी" एवढंच आहे. फोटो येणार याची खात्री होती, मग कोण लिहीत बसतं? आजीच्या घरावरून गेले. पहिल्या मजल्याची खिडकी बंद होती. हे मात्र लिहिलंय.

परवा काकांकडे बसून मी तो कोरा रोल कापत होते. निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्यांत कापतात, तसाच. काका चष्मा वर करून म्हणाले, "कोऱ्याचं काय कापलालीस? नुसतं दिसतंय पलीकडचं."

"म्हणूनच तर," मी म्हटलं.

वहीत एका पानावर सहाच नोंदी मावतात. पट्टी पानावर ठेवली की खालची ओळ तिच्यातून आरामात वाचता येते आणि कडेला कारखान्यानं छापलेला नंबर असतो. पंचवीस ते तीस नंबरची पट्टी काकांनी स्वतः लावली. २७ वर बोट ठेवून बोरवाल्या मुलाची नोंद दोनदा वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी बोर कुठून कसं उडालं असेल ते हातानं करून बघितलं.

सहा पानांवर सहा पट्ट्या बसल्या. सातव्या पानावर ३७ ते ४१ आहेत. तिथं ठेवायला फिल्म उरली नाही.